हलकी नाव, थकलेले दंड

फार जुनी गोष्ट. तेव्हा नद्यांवर पूल नव्हते. एका रुंद नदीकाठी नावाड्यांचं गाव होतं. दरवर्षी पाऊस ओसरला की राजा नावांची शर्यत लावी. जिंकेल त्या गावाला वर्षभर उतारूंची ने-आण करायचा हक्क मिळे.

त्या वर्षी गावाच्या नावेत सहा मुली होत्या. त्यांची म्होरकी केशर. तिच्या मनात आलं, ‘नाव हलकी तर चाल वेगाची. मग आपणच हलक्या झालो तर?’

मुलींनी भाकरी अर्धी केली, मासळी सोडली, रात्रीचं जेवण बंद केलं. महिन्याभरात नाव पाण्यावर दोन बोटं वर आली. साऱ्याजणी हरखल्या.

पण एक नवल घडलं. पूर्वी पैलतीर गाठायला दोनशे वल्ही मारावी लागत. आता अडीचशे लागू लागली.

“ओझं घटलं आणि वाट लांबली? असं कसं?” केशरला राहवेना. नाव बांधणाऱ्या म्हाताऱ्या सुताराकडे ती गेली.

“आजोबा, नावेत काही खोट आहे का?”

म्हाताऱ्याने नाव तपासली. मग केशरचा दंड चाचपला. “आज काय जेवलीस, पोरी?”

“ताक प्याले.”

“आणि काल?”

“कालही तेच.”

“अंगात दोन तऱ्हेचं वजन असतं,” म्हातारा म्हणाला. “एक नावेला वाहावं लागतं, दुसरं नावेला पळवतं. तुम्ही दोन्ही उतरवून ठेवलंत.”

“हे खरं कशावरून?”

“माझ्यावर विसंबू नकोस. पंधरा दिवस पोटभर जेवा आणि वल्ही मोजा.”

“नाव पुन्हा जड होईल गं!” केशरने हे सांगताच नावेतली सगळ्यात धाकटी यमू रडकुंडीला आली.

“होऊ दे,” केशर म्हणाली. “मला बघायचंच आहे.”

नाचणीची भाकरी, मासळी, चवळीची उसळ पुन्हा ताटात आली. नाव बोटभर खाली बसली. वल्ही मात्र अडीचशेवरून सव्वादोनशेवर आली, मग दोनशेवर, आणि शर्यतीच्या आदल्या दिवशी एकशे नव्वदवर.

शर्यतीत समोरच्या काठावरच्या पैलगावची नाव पिसासारखी सुटली. केशरच्या नावेतल्या मुलींच्या उपासांबद्दल ऐकून त्या गावच्या मुलींनीही उपास धरले होते. मध्यधारेत त्यांच्यातली एक भोवळ येऊन वल्ह्यावरच कोसळली. केशरची नाव पहिली आली.

गावात ढोल वाजू लागले, पण केशर थांबली नाही. आपली शिदोरी घेऊन ती पैलगावच्या त्या भोवळ आलेल्या मुलीजवळ गेली. “आधी दोन घास खा,” ती म्हणाली. “मूळ चूक माझी होती. ती कशी कळली, तेही सांगते.”

पुढल्या वर्षी पैलगावची नाव जिंकली. केशरची नाव जेमतेम हातभर मागे होती.

तात्पर्य : अंगातलं वजन टाकण्याआधी ते ओझं आहे की बळ, हे पारखून घ्यावं.