वाघनळीकडे बघणारी आई

मंडळी, देवळात शिरल्यावर गोंधळू नका. कोरवड्याच्या या टेकडीवर येणारा प्रत्येक पाहुणा दारातच थबकतो. हात जोडून वर बघतो, तर समोर देवीची पाठ! तोंड पलीकडे, दरीकडे. आणि त्या बाजूला भिंतच नाही, सरळ कडा. पावसाळ्यात ढग आत येऊन बसतात, दिवा टिकत नाही, तरी ती बाजू कुणी बुजवत नाही. का ते सांगतो. बसा, चहा येईपर्यंत गोष्ट होईल.

पूर्वी म्हणे देवी दाराकडे, गावाकडे तोंड करून बसायची आणि तिच्या मागे दगडी भिंत होती. गावाचा धंदा मिठाचा. माणसं बैल घेऊन करंजखिंडीतून कोकणात उतरायची आणि पाऊस लागायच्या आत मिठाच्या गोणी लादून वर यायची. तांड्याचा म्होरक्या हैबती. बोलायला गोड, सौद्याला चिवट. त्याची बायको बयजा त्याहून चिवट, असं सांगतात. तांड्याच्या पुढच्या बैलावर तिनं शिवलेली लाल झूल असायची. तांडा दिसला, की हैबतीला हाक मारायच्या आधी बयजा ती झूल शोधायची.

त्या वर्षी तांडा परतीच्या वाटेवर असताना भरदिवसा डोंगर हादरला. करंजखिंड दरडीनं बुजली. देवळाची मागची भिंत कड्यावरून खाली गेली. देवीची पूजा करणारे गुरवकाका धापा टाकत वर पोचले, तर देवी जागच्या जागी फिरलेली. गावाकडे पाठ, दरीकडे तोंड.

गावाच्या काळजाचं पाणी झालं. हाताला लागेल तेवढी दरड उपसून झाली. माणूस नाही, बैल नाही, गोणीची चिंधी नाही. "आई रुसली," गुरवकाका म्हणाले, "तिनं आपल्याला सोडलं." जाणत्यांनी बसून ठरवलं, की पहारी लावून देवीला पुन्हा गावाकडे वळवायचं, भिंत बांधून काढायची, आणि अमावास्येला दर्भाचे बाहुले करून तांड्याच्या माणसांची क्रिया उरकायची. म्हणजे त्या दिवशी बयजानं कपाळाचं कुंकू पुसायचं.

बयजा रडली नाही. ती देवीशी भांडायला टेकडी चढली. मागोमाग गुरवकाका आणि पहारी घेतलेले गडी.

"नवस घेताना समोर बसलीस," ती देवीच्या पाठीला म्हणाली, "आणि आता जाब विचारायला आले, तर तोंड लपवतेस?"

तिला देवीच्या डोळ्यांत बघून विचारायचं होतं. ती वळसा घालून पुढे जायला लागली, तर पुढे जागाच नाही. एक पाऊल, की दरी. तोल जाता जाता तिनं देवीचा खांदा धरला. आणि त्या थंड दगडाला हात लागला मात्र, इतके दिवस अडवलेलं रडू फुटलं. ती देवीला बिलगून तशीच उभी राहिली.

धंद्यात मुरलेल्या कुणालाही विचारा. गिऱ्हाईकानं पाठ फिरवली, की नवखा दुकानदार हिरमुसतो. मुरलेला बघतो, की ते कुठल्या फळीकडे बघतंय. रडू ओसरल्यावर बयजाचं तसंच झालं म्हणे. आईनं आपल्याकडे का बघू नये, हा प्रश्न तिनं खाली ठेवला. देवीच्या गालाशी गाल नेला आणि आई बघतेय तिकडे बघू लागली. समोर नुसतं पांढरं धुकं.

"सर बाजूला, पोरी," गुरवकाका म्हणाले. "या धुक्यात तुला काय दिसणार?"

"मला नाही दिसत, काका. हिला दिसतंय. मी थांबते."

गडी वैतागले, पहारी टेकवून तंबाखू मळत बसले. बयजा हलली नाही. बऱ्याच वेळानं वारा फिरला, धुकं विरळ झालं, आणि खाली वाघनळी उघडी पडली. कड्यातली ही अरुंद घळ. तिथं गुरंसुद्धा कुणी नेत नसे. तिच्या एका टप्प्यावर लाल ठिपका होता.

"झूल!" बयजा ओरडली. "काका, माझी झूल!"

गुरवकाकांनी डोळे बारीक केले. "पळस असेल, बाई."

"जेठात पळस फुलतो होय? आणि फुलला तरी शेपूट हलवतो?"

मग काय विचारता! सगळा गाव टेकडीवर. देवीला फिरवायला आणलेल्या पहारींनीच कड्यात पाय ठेवायला पावठ्या खोदल्या, घराघरांतले नाडे-दोर जोडून खाली सोडले. माणसं वर आली, मागून बैल आले, आणि भिजू न दिलेली मिठाची एक गोणीही हैबतीनं वर आणली. व्यापारी तो! एकही जीव गेला नव्हता. ढोल वाजले, गुलाल उधळला. गुरवकाका तर बैलाच्याच पाया पडले.

हैबतीनं सांगितलं, की खिंडीत मागंपुढं दरड कोसळल्यावर तांडा बाजूच्या वाघनळीत शिरला, पण तिथून पुढे वाट नव्हती आणि माणसं हाय खाऊन दरीत उतरायला निघाली होती. उतरली असती, तर सगळी गेली असती. "मीच अडवलं त्यांना," तो बयजाला म्हणाला. "धुकं हललं, की कड्यावर तू बसलेली दिसायचीस. आमच्याकडेच बघत. म्हटलं, ही बघतेय, तर जागा सोडायची नाही."

"मी तर आजच वर आले," बयजा म्हणाली.

दोघांनी वळून देवीकडे बघितलं. मग बयजानं गोणी सोडली आणि मिठाची पहिली मूठ देवीच्या खांद्यावर ठेवली.

दरडीच्या धक्क्यानं दगड फिरला असेल, असंही काही शहाणे म्हणतात. असेल. पण फिरून नेमका वाघनळीकडेच का थांबला, हे विचारलं, की ते चहा मागवतात.

आजही कोरवड्यात देवीच्या पुढे कुणी जात नाही. संकटातला माणूस येतो, तिच्या खांद्यावर चिमूटभर मीठ ठेवतो, बाजूला उभा राहतो आणि ती बघते तिकडे बघतो. त्या पावठ्याही आहेत, जाताना बघा. आणि आज वर धुकं असलं, तर लगेच परतू नका. खांद्याशी उभे राहा. तिला दिसतंय.