शेपटीचा ळ

महानगराच्या कडेला वाढलेल्या एका उपनगरात एकदा असे घडले, की नगरपरिषदेच्या शाळेने साऱ्यांना चकित केले. भरमसाट फी घेणाऱ्या शाळा मागे राहिल्या आणि नगरपरिषदेचे माध्यमिक विद्यालय दहावीच्या निकालात पुढे गेले. त्याच वर्षी आठवीच्या शिष्यवृत्ती परीक्षेतही तिथलीच मुले झळकली. 'पालिकेची शाळा' म्हणताना कालपर्यंत नाक मुरडणारे पालक आता प्रवेशासाठी नगरसेवकांच्या दारात उभे राहू लागले.

शिक्षण विभागाची सूत्रे रेवती ढमढेरे हिच्या हाती होती. वय चाळिशीचे, बोलणे मोजके, आणि एकदा मनात घेतले की तडीस नेण्याचा स्वभाव. रविवारचे सराव वर्ग तिने सुरू केले. वर्गावर न जाणाऱ्या शिक्षकांना तिने वर्गावर आणले. या यशामागे तिची मेहनत होती आणि ती कोणी नाकारत नव्हते.

यश मिळाले की पुढचे यश खुणावते. हुशार मुलांसाठी एक वातानुकूलित अभ्यासिका उभारावी, असे तिच्या मनात आले. शिक्षण समितीच्या सभापतींनाही ती कल्पना फार आवडली. प्रश्न जागेचा होता. धान्यबाजारामागे नगरपरिषदेचीच एक चौथीपर्यंतची जुनी शाळा होती. दोन खोल्या, पत्र्याचे छप्पर आणि वर्षागणिक रोडावत चाललेला पट. तिथे बोर्डाची परीक्षा नव्हती, त्यामुळे निकालाच्या दिवशी त्या शाळेचे नाव कोणाच्या तोंडी येत नसे. ती शाळा बंद करावी, मुले मोठ्या शाळेत सामावून घ्यावीत आणि त्या जागेवर अभ्यासिका बांधावी, असा प्रस्ताव रेवतीने स्वतः तयार केला. सर्वसाधारण सभेत तो मंजूर होणार, हे जवळजवळ ठरल्यासारखेच होते.

गुणवंतांच्या सत्काराला प्रमुख पाहुणे म्हणून कोणाला बोलवावे, याचा तिला विचारच करावा लागला नाही. ज्यांनी तिला पाचवीत गणित शिकवले, ते वृद्ध गुरुजी अजून त्याच उपनगरात राहत होते. निवृत्तीनंतरही आजूबाजूची मुले संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर अभ्यासाला बसत. गुरुजी फी घेत नसत, आणि आलेल्या मुलाला परत पाठवत नसत.

रेवतीने त्यांच्या घरी जाऊन वाकून नमस्कार केला, निकालाची हकिकत सांगितली आणि अभ्यासिकेचा बेतही सांगितला. गुरुजींनी सारे शांतपणे ऐकून घेतले.

"येईन की," ते म्हणाले. "तुझ्या हातून एवढे मोठे काम झाले, मी नाही आलो तर कोण येणार? पण सत्काराआधी मला ती मुले एकदा भेटव. एका वर्गात बसव आणि फळा तेवढा स्वच्छ ठेव."

"त्यांच्याशी काय बोलणार आहात, गुरुजी?"

"बोलणार नाही. एक-दोन शब्द लिहून घेणार आहे."

दुसऱ्या दिवशी मोठ्या शाळेच्या एका वर्गात ती सगळी मुले जमली. मुख्याध्यापक नवा शर्ट घालून उभे होते. एवढे नावाजलेले शिक्षक आले आहेत, तेव्हा भूमितीतला एखादा अवघड प्रश्न येणार अशा तयारीने मुले सावरून बसली. गुरुजींनी खडू उचलला आणि पहिल्या बाकावरच्या मुलीपुढे धरला.

"बाळ, फळ्यावर 'फळ' असे लिही."

मुलीला वाटले, आपण चुकीचे ऐकले. "कोणतं फळ, आजोबा?"

"नुसते 'फळ' लिही. मग त्याखाली 'वेळ' लिही. आणि खडू पुढच्याकडे दे."

मागच्या बाकांवर हसू फुटले. गणितात पैकीच्या पैकी मिळवणारा एक मुलगा खांदे उडवत उठला, 'फळ' आणि 'वेळ' लिहून खाली बसला. एकामागून एक सगळे उठले. फळा त्याच दोन शब्दांनी भरून गेला. मुख्याध्यापक रेवतीच्या जवळ सरकून हळूच म्हणाले, "मॅडम, वय झालंय हो त्यांचं. सत्काराच्या दिवशी भाषण जरा आटोपतंच ठेवायला सांगा." रेवती कानकोंडी झाली.

गुरुजी मात्र फळ्यापासून दोन हातांवर उभे राहून तो अगदी सावकाश वाचत होते. मग त्यांनी मुलांना शाबासकी दिली, मुख्याध्यापकांना नमस्कार केला आणि रेवतीकडे वळून म्हणाले, "चल, थोडे पाय मोकळे करू."

बाहेर पडल्यावर रेवतीला राहवले नाही. "गुरुजी, रागावू नका. पण हे काय होते? ही दहावीत आणि शिष्यवृत्तीत झळकलेली मुले आहेत. त्यांच्याकडून पहिलीतले शब्द लिहून घेतलेत."

"फळा पाहिलास का तू?"

"पाहिला की. कोणाचेही चुकले नव्हते."

"चुकले नव्हतेच. 'ळ' कसा काढला होता?"

रेवती थबकली. तिने डोळ्यांपुढे फळा आणला. तिला आठवले. बहुतेक मुलांच्या 'ळ'चा उजवा फेरा पुरा झाल्यावरही हात थांबला नव्हता. खाली एक चिमुकली शेपटी ओढूनच खडू उचलला गेला होता. अक्षरे निरनिराळी होती. कोणाची गोल होती, कोणाची काटकुळी, कोणाची घाईची. शेपटी मात्र एकच होती.

"त्या शेपटीचे काय, गुरुजी?"

"सांगतो. आधी चल."

बोलत बोलत ते धान्यबाजारामागच्या जुन्या शाळेपाशी आले होते. रेवतीने ती शाळा नकाशावर अनेकदा पाहिली होती. तिचे क्षेत्रफळ तिला पाठ होते. आत पाऊल मात्र बऱ्याच दिवसांत पडले नव्हते.

एका खोलीत पहिली-दुसरीची मुले एकत्र बसली होती. त्यांच्या शिक्षिका तडवी बाई फळ्यापाशी होत्या. केस पिकलेले, पदर कमरेला खोचलेला. मोठ्या मॅडम दारात पाहून त्या गोंधळल्या, पण गुरुजींनी हातानेच 'चालू द्या' म्हटले. मग दोघे मागे सतरंजीवर टेकले.

बाई म्हणत होत्या, "ळ म्हणजे कोण?"

"झोपलेलं मांजर!" सगळा वर्ग ओरडला.

"आणि मांजर केव्हा झोपतं?"

"शेपटी काढल्यावर!"

रेवतीने गुरुजींकडे पाहिले. गुरुजी समोरच पाहत होते.

तेवढ्यात बाईंनी एका बारीकशा मुलीला उभे केले. फळ्यावर 'सकाळ' लिहिले होते. मुलगी 'स' म्हणाली, 'का' म्हणाली आणि अडली. मग परत मागे गेली. "सा..." म्हणाली आणि स्वतःच मान हलवून थांबली. वर्गात आवाज नव्हता. शेजारचा मुलगा ओठ हलवू लागला तेव्हा बाईंनी त्याच्याकडे नुसते पाहिले आणि तो गप्प झाला. वेळ जात होता. रेवती चुळबुळ करू लागली. शब्द तिच्या जिभेवर आला होता, आणि पुढे होऊन तो सांगावा म्हणून ती अर्धवट उठलीही. बाईंनी मागे न वळता, तळहात किंचित वर करून तिला थांबवले. हा हात मोठ्या अधिकाऱ्यासाठी आहे, हे बाईंच्या ध्यानातही नसावे.

मुलीने फळ्याकडे पाहिले, डोळे मिटले, उघडले. "स...का...ळ. सकाळ!" असे म्हणून ती इतकी हसली, की तिच्या पडलेल्या दोन दातांची फट सगळ्या वर्गाला दिसली. बाई "बैस" एवढेच म्हणाल्या आणि पुढच्या मुलाकडे वळल्या.

परतताना गुरुजींनीच सुरुवात केली.

"माझ्या ओट्यावर कितीतरी वर्षे मुले येतात. अडलेल्या गणिताशी कोण झगडत बसते आणि कोण उत्तर विचारायला धावते, हे मी पाहत आलो. जी झगडतात, त्यांच्यातल्या पुष्कळांच्या वहीत मला ही शेपटी दिसायची. पुढे कळले, की ती सगळी या दोन खोल्यांतून गेलेली. रेवती, शेपटीने कोणी हुशार होत नाही. शेपटी ही नुसती खूण. बाईंनी दिलेली मोठी गोष्ट फळ्यावर उमटत नाही. आपण अडलो तरी कोणी हसणार नाही, कोणी आपल्यावाचून पुढे पळणार नाही, आणि उत्तर आपल्याच आत सापडेल, हा धीर सहाव्या वर्षी मिळाला की माणूस तो जन्मभर वापरतो. तुझे सराव वर्ग चांगलेच आहेत. पण ते भरले, ते हा धीर घेऊन आलेल्या मुलांनी."

"पण गुरुजी, पट किती कमी झाला आहे. आणि मुलांना आपण वाऱ्यावर सोडत नाही. मोठ्या शाळेत घेतोच आहोत."

"आणि बाईंना?"

शाळा बंद झाली की बाई अतिरिक्त ठरणार आणि दुसऱ्या तालुक्यात कुठेतरी पाठवल्या जाणार, हे रेवतीला ठाऊक होते. प्रस्तावात ते एका ओळीत लिहिलेही होते.

सर्वसाधारण सभेत रेवतीने उभे राहून आपलाच प्रस्ताव मागे घेतला. सभापतींना हा प्रकार रुचला नाही. "मॅडम, गेल्या आठवड्यात तुम्हीच म्हणालात, की या शाळेला निकाल नाही. एका आठवड्यात निकाल कुठून आला?"

"निकाल होताच, साहेब," रेवती म्हणाली. "तो दर वर्षी लागतो. आपण तो मोठ्या शाळेच्या नावावर वाचतो." मग तिने सत्कारासाठी निवडलेल्यांपैकी कोण कोण त्या दोन खोल्यांत अक्षर शिकले, त्यांची नावे एकेक करून सांगितली. ती नावे तिने स्वतः मुलांना विचारून घेतली होती. सभेत दोन नगरसेवक असे निघाले, की ज्यांची मुले त्यांत होती. पुढे फार वाद झाला नाही. अभ्यासिका मोठ्या शाळेच्या चित्रकलेच्या दालनात करायचे ठरले, साध्या पंख्यांची. सभापती मात्र पुढे कित्येक दिवस रेवतीच्या नमस्काराला नुसती मान हलवत.

ही बातमी सांगायला ती गुरुजींकडे गेली. ते प्रसन्न झाले. मग थोड्या वेळाने म्हणाले, "बाईंची नोकरी आता किती राहिली?"

"थोडीच. पुढच्या वर्षापर्यंत."

"मग त्यांच्या हाताखाली कोण आहे?"

रेवती बोलायला गेली आणि थांबली. शाळा वाचवली, एवढ्यावरच ती समाधानी होती. हा विचार तिला शिवलाच नव्हता. गुरुजींनीही उत्तर सुचवले नाही. ते अंगणात पाहत शांत बसून राहिले. आपल्यासाठी कोणीतरी थांबले आहे, हे रेवतीला त्या शांततेत पहिल्यांदाच इतके स्पष्ट जाणवले.

सोमवारी नव्याने रुजू झालेल्या एका तरुण शिक्षिकेची नेमणूक धान्यबाजारामागच्या शाळेत झाली. आदेश हातात ठेवताना रेवती तिला म्हणाली, "पहिले सहा महिने काही शिकवू नकोस. तडवी बाईंच्या वर्गात मागे बैस, आणि त्या केव्हा गप्प राहतात ते पाहा."

आपल्या घरातल्या मुलाच्या गुणपत्रिकेचे कौतुक करताना, त्या मुलाच्या अडण्यापाशी कोण कोण थांबले होते, हेही एकदा आठवून पाहावे.