उताऱ्याचे तांदूळ

मी कोंबडी, त्यातून संशयी, म्हणजे अक्कल बेताचीच. आजार खरोखर उतरवता यायचे, त्या काळी माझ्या पिल्लाला खोकला झाला. कासववैद्यांनी त्याच्यावरून मूठभर तांदूळ ओवाळले आणि ते तिठ्यावर ठेवायला निघाले.

खोकला थांबला. पण मला वाटलं, म्हातारा तांदूळ स्वतःच खाणार! मी लपतछपत मागे गेले. वैद्यबुवा तांदूळ ठेवून खरंच परत फिरले. एवढे चांगले तांदूळ वाया घालवायचे? मीच टिपले.

घरी पोचेपर्यंत मला अशी ढास लागली, की पिल्लांना पंखाखाली घेता येईना. तशीच वैद्यांकडे गेले.

"चार दाणे काय खाल्ले, मलाच खोकला! वैद्यबुवा, तुमचा उतारा खोटा आहे."

"खोटा असता, तर कोंबडीबाई, तुमचं नुसतं पोट भरलं असतं."