सेनापती तोराकागेचे पूर्ण नाव

एका राज्यात, उगवतीच्या समुद्रातल्या बेटावर, युद्धाची मोठी शिस्तशीर रीत होती. दोन योद्धे समोरासमोर आले की आधी एकाने आपले नाव, कूळ आणि पराक्रम मोठ्याने सांगायचे, मग दुसऱ्याने आपले सांगायचे, आणि त्यानंतरच तलवारी उपसायच्या. नाव न सांगता वार करणे हे चोराचे काम मानत.

त्या राज्याचा सेनापती तोराकागे. त्याने एका मांत्रिकाकडून तीन पट्ट्यांनी बांधायचा लोखंडी मुखवटा मागून घेतला होता. तो पाहताच शत्रूची गाळण उडे. "मी तोराका..." एवढे होईतो सारी फौज टेकडीपार! गडामागून गड आले, राजा खूश झाला. पण मुखवटा काही केल्या उतरेना. बिचारा सेनापती पेजसुद्धा नळीने प्यायचा. आणि घरी त्याची चिमुरडी लेक मियो बापाची चाहूल लागताच तांदळाच्या कोठीमागे दडायची. फौजा आपल्याला भितात याचा त्याला केवढा अभिमान होता! पण लेक भिते हे पाहून त्याला रडू कोसळले, आणि मुखवट्याआड रडणे फार गैरसोयीचे असते.

तो मांत्रिकाच्या झोपडीशी गेला. मांत्रिक कधीच वारला होता. दारात एक सारस पक्षी उभा होता, तोच बोलला.

"तिघांनी तुझे नाव शेवटपर्यंत ऐकावे आणि आपले नाव तुला सांगावे. एक शत्रू, एक राक्षस, एक आपले माणूस. मग मुखवटा उतरेल."

"एवढेच ना?"

"तुझे नाव फार लांबलचक आहे," असे म्हणून सारसाने मासा गिळला आणि तो उडून गेला.

सेनापती रणांगणावर गेला. शत्रूची फौज पळाली. म्हातारा सरदार इवागोरो तेवढा तिवईवर बसून राहिला.

"गुडघे धरलेत, पळता येत नाही," तो म्हणाला. "सांगा निवांत."

त्याने सगळे ऐकले, मग आपले सात पिढ्यांचे कूळ सांगितले. ते संपेतो सूर्य कलला. दोघांनी लढाई उद्यावर ढकलली, ती अजून उद्यावरच आहे. मुखवट्याचा एक पट्टा गळून पडला.

खिंडीत वाटसरूंना खाणारा राक्षस राहत होता. सेनापतीचे नाव शेवटपर्यंत ऐकून त्याच्या डोळ्यांत पाणी आले.

"मी गोन्बे," तो हुंदके देत म्हणाला. "आजवर कुणी विचारलेच नाही हो!"

दुसरा पट्टा गळाला.

मग तोराकागे घरी आला आणि कोठीसमोर उभा राहून गरजला, "मी तोराकागे, सात गडांचा काळ, वैऱ्यांचा..."

मियोने किंकाळी फोडली. उरलेला पट्टा करकचून आवळला. सेनापती मटकन खाली बसला. सात गड घेऊन या पोरीला काय करायचे आहे? त्याने तलवार दाराबाहेर ठेवली आणि हलक्या आवाजात पुन्हा सुरुवात केली.

"मी तोराकागे. तुझ्या ओताने आजीचा धाकटा मुलगा. शिनोचा नवरा. मला पोहता येत नाही. बेडकांची भीती वाटते. तू जन्मलीस तेव्हा मी लढाईवर होतो, त्याचे मला फार वाईट वाटते. मी मियोचा बाप."

कोठीमागून आवाज आला, "संपलं?"

"संपले."

रीत तर पोराबाळांनाही ठाऊक होती. मियो बाहेर आली आणि कमरेवर हात ठेवून ओरडली, "मी मियो! तोराकागेची लेक! मी झाडावर चढते आणि बेडूक हातात धरते!"

मुखवटा खणकन फरशीवर पडला. त्याच क्षणी राज्याराज्यांतले पळालेले सैनिक वाटेत थबकले, आपण का पळतोय हे त्यांना आठवेना, आणि ते आपापल्या घरी परतले. त्या दिवसापासून तिथे सुखशांती नांदू लागली.

मियोला त्याचे काय! तिने बापाचा ओला चेहरा दोन्ही हातांनी धरला, इकडे वळवला, तिकडे वळवला, आणि दरडावून विचारले,

"बाबा, माझं नाक तुमच्याकडे कसं आलं?"

 सेनापती नुसता हसत सुटला.