बाराकमानीची रजा

एका नगरात एक पाथरवटीण राहायची. नवरा गेल्यावर त्याची छिन्नी आणि हातोडा तिनेच उचलला होता. घरात दुसरं होतं तरी कोण? ती आणि तिची दोन वर्षांची लेक ठमी. घर म्हणजे नदीकाठची एक झोपडी. पावसाळा आला की नदी उंबऱ्याला लागायची आणि ही बिचारी लेकीला कडेवर घेऊन पाण्याकडे बघत उभी राहायची. तिच्या जिवाला एकच घोर होता. आपल्या पोरीला उंचावर, कोरड्या जागी एक पक्की खोली मिळाली पाहिजे.

त्या नगराच्या मधोमध एक जुनी इमारत होती. एका ओळीत बारा दगडी कमानी, वर छत, खाली गार फरशी. लोक तिला बाराकमानी म्हणत. कोणी बांधली, कधी बांधली, कोणालाच धड ठाऊक नव्हतं. म्हाताऱ्यांना विचारलं तर ते म्हणत, "आम्ही रांगत होतो तेव्हाही ती म्हातारीच होती."

एकदा तिथला राजा शेजारच्या राज्यात लग्नाला गेला. तिथे त्याने सरळसोट रुंद रस्ता पाहिला, त्यावरून चार घोड्यांचे रथ धावताना पाहिले. परत आला तो हेच म्हणत, "आपलं नगर किती मागासलेलं! मला राजवाड्यापासून वेशीपर्यंत सरळ रस्ता हवा. दोन्ही बाजूंना उंच हवेल्या हव्यात."

मग काय, रस्त्यातला नगारखाना पडला. मागोमाग जुनी पाणपोई पडली. रस्त्याकडेची झाडं गेली. आता मध्ये उरली होती एकटी बाराकमानी.

प्रधानाने पाथरवटिणीला बोलावलं. "बाई, बाराकमानी तू उतरव. तिथून रस्ता जाईल, कडेला हवेली होईल. तिच्या वरच्या मजल्यावर एक पक्की खोली तुझी."

पाथरवटिणीच्या डोळ्यांसमोर खोली उभी राहिली. कोरडी भिंत, कोरडी जमीन आणि निवांत झोपलेली ठमी. तरी ती म्हणाली, "उतरवते, प्रधानजी. पण आधी रजा मागावी लागेल."

त्या मुलखातल्या पाथरवटांची तशी रीतच होती. कोणतीही इमारत पाडायची, तर आधी एक दिवस सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत तिथे बसायचं. त्या दिवशी जो जो तिच्या सावलीत येईल, त्याची त्याची परवानगी मागायची. सगळ्यांनी रजा दिली तरच हातोडा मारायचा. एकाने जरी नाही म्हटलं, तरी गावचा असो की परगावचा, कोणताच पाथरवट त्या इमारतीला हात लावायचा नाही.

प्रधान हसला. "माग की! नगारखान्याच्या वेळी मागितली, पाणपोईच्या वेळी तर तूच मागितलीस. कोणी नाही म्हटलं होतं का?"

खरंच कोणी म्हटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच पाथरवटीण ठमीला घेऊन बाराकमानीत जाऊन बसली. पहिला आला कासार. पहिल्या कमानीपाशी फरशीला एक खळगा पडला होता, त्याच्या बापाच्या आणि आज्याच्या बसण्याने पडलेला. तो बरोबर त्या खळग्यात बसला आणि बांगड्या मांडू लागला.

"दादा, बाराकमानी पाडायची आहे. रजा देता?"

कासाराचे हात क्षणभर थांबले. मग तो म्हणाला, "माझ्या एकट्याच्या नाहीने काय राजा थांबणार आहे? मी वेशीपाशी बसेन. मला काय! घे रजा."

मग आली ताकवाली. डोक्यावरचा माठ तिने जपून कमानीच्या आतल्या अंगाला ठेवला. "इथं ठेवलं की माझं ताक दिवस कलला तरी आंबत नाही बघ. उन्हात तासाभरात तोंडात धरवत नाही."

"मग मावशी, नाही म्हणा की."

"मी गं बाई? बाकी सगळ्यांनी हो म्हटलं असलं तर मीच वाईट व्हायची! नको, घे रजा." आणि तिने ठमीला वाटीभर ताक पाजलं.

ऊन चढलं तसे दोन म्हातारे आले. फरशीवर सोंगट्यांचा पट कोरलेला होता, त्याच्या दोन्ही बाजूंना ते मांडी घालून बसले.

"आबा, अण्णा, रजा देता का?"

"हा पट मी कुठे उचलून नेऊ?" आबा म्हणाले.

"तुला हरायचंच तर आहे," अण्णा म्हणाले, "ते कुठेही बसून हर."

"काल कोण हरलं होतं?"

"काल मला शिंका येत होत्या!"

दोघांचं भांडण बराच वेळ चाललं. शेवटी दोघांनीही, मला काय, मला काय, करत रजा दिली.

दुपारी धोबी आला, मागोमाग त्याचं गाढव. धोब्याने रजा दिली आणि चेष्टेने विचारलं, "गाढवाचीही मागतेस काय?"

"सावलीत आलंय, तर मागायला हवी," पाथरवटीण म्हणाली.

गाढवाने नुसते कान हलवले. मग धोब्याने त्याला बाहेर ओढलं, पाठीमागून ढकललं, शिव्या दिल्या, पण ऊन उतरेपर्यंत ते काही सावलीतून हललं नाही.

"त्याचं मनावर घेऊ नकोस बाई," घाम पुसत धोबी म्हणाला.

असा दिवसभर एकेक माणूस येत राहिला. प्रत्येक जण खांबाला टेकला, गार फरशीवर पाय पसरून बसला आणि जाताना म्हणाला, "मला काय!"

सूर्य मावळतीला टेकला. प्रधान आला. आता काय होतं ते बघायला गावही गोळा झालं.

"झाल्या ना सगळ्यांच्या रजा?"

पाथरवटिणीने एकेकाचं तोंड आठवलं. सगळ्यांनीच दिली होती. ती हो म्हणणार, तेवढ्यात तिचं लक्ष लेकीकडे गेलं. दिवसभर या खांबापासून त्या खांबापर्यंत दुडूदुडू पळून दमलेली ठमी फरशीवर गाल टेकून झोपली होती. पाथरवटिणीच्या मनात आलं, अगं, आज दिवसभर सावलीत आपणही बसलोय. आपल्याला कोणी विचारलं?

पाणपोईच्या वेळीही ती अशीच दिवसभर बसली होती. गावाला विचारलं, स्वतःला विचारलं नाही. आणि मग सगळा उन्हाळा कामावर प्यायला पाणी हवं म्हणून एका कडेवर पोर, दुसऱ्या कडेवर घागर घेऊन नदीचा चढ चढली होती.

हो म्हण, खोली मिळेल, एक मन म्हणालं. दुसरं मन म्हणालं, आपल्या पोरीला छप्पर मिळावं म्हणून साऱ्या गावाचं छप्पर काढायचं?

"एक राहिली, प्रधानजी," ती म्हणाली.

"कोणाची?"

"माझी. मीपण याच सावलीत बसले."

प्रधान मोठ्याने हसला. "एवढंच ना? मग विचार स्वतःला आणि उरक लवकर!"

"विचारलं," पाथरवटीण म्हणाली. "मी रजा देत नाही."

प्रधानाचं हसू मावळलं.

"खोली गेली समज," प्रधान म्हणाला.

"समजले." तिने हातोडा पिशवीत घातला.

तेवढ्यात मागून ताकवाली ओरडली, "मग माझीही रजा नाही!"

"तू तर सकाळी दिली होतीस!" पाथरवटीण म्हणाली.

"सकाळी मला वाटलं, नको म्हणणारी मी एकटीच!"

"माझीही नाही," कासार म्हणाला. आबा आणि अण्णा तर एकदमच बोलले, आणि आधी कोण बोललं यावर भांडू लागले. धोबी म्हणाला, "आमच्या गाढवाने तर आधीपासूनच दिली नव्हती!" तेव्हा रडवेली झालेली पाथरवटीणसुद्धा हसली.

राजाला राग आला. त्याने परगावचे पाथरवट बोलावले. त्यांनी येताच एवढंच विचारलं, "रजा मिळाली का?" नाही म्हणताच त्यांनी आपली हत्यारं गुंडाळली आणि आल्या वाटेने गेले.

मग राजा स्वतःच निघाला. ऐन दुपार होती. नव्या सरळ रस्त्यावर ना झाड, ना पाणपोई. बाराकमानीपाशी रथ थांबला तेव्हा राजा घामाने निथळत होता आणि घोड्यांच्या तोंडाला फेस आला होता. ओरडायला म्हणून तो कमानीखाली आला आणि ओरडण्याआधी दम घ्यायला पायरीवर बसला. ताकवालीने लोटीभर ताक पुढे केलं. राजाने ते पिऊन टाकलं. आणखी एक लोटी प्याला. मुंडासं काढून बाजूला ठेवलं. खांबाला पाठ टेकली.

बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "पण माझा रस्ता सरळ कसा जायचा?"

रथ बघून धावत आलेली पाथरवटीण हात जोडून म्हणाली, "महाराज, दगडाची कमान उतरवली की तशी पुन्हा चढत नाही. रस्ता मात्र जरा वळवला तर त्याचं काही बिघडत नाही."

राजाने मान वर करून बाराही कमानी एकदा नीट बघितल्या. आयुष्यात पहिल्यांदाच बघितल्या. "वळवा रस्ता," तो म्हणाला. वळणासाठी राजाच्याच घोड्यांच्या पागेचा कोपरा कापावा लागला, तर तोही त्याने कापू दिला. हवेल्या वेशीबाहेरच्या मोकळ्या माळावर उभ्या राहिल्या. त्यांचा पायाही पाथरवटिणीनेच घातला, पण खोली काही तिला मिळाली नाही. प्रधान आपल्या शब्दाला पक्का निघाला.

पाऊस तोंडावर आला तेव्हा एका सकाळी कासार, ताकवाली, आबा, अण्णा आणि धोबी असे सगळे नदीकाठी आले. गाढवाच्या पाठीवर चिरे होते. पाथरवटीण दगड बसवत गेली आणि बाकीचे उचलून देत गेले. चार दिवसांत पुरुषभर उंच जोतं झालं, वर चढायला सात पायऱ्या झाल्या आणि त्यावर पक्की खोली उभी राहिली. त्या वर्षी नदी आली ती तिसऱ्या पायरीपर्यंत, आणि तिथूनच परत गेली.

तात्पर्य: जे सगळ्यांचं असतं ते एकेकाच्या 'मला काय'ने पडतं आणि एकाच्या 'मी नाही'ने वाचतं. म्हणून जुनं मोडायच्या आधी दुसऱ्यांना विचारावं, पण स्वतःला विचारायला विसरू नये.