भरल्या पानाच्या वशाची कहाणी

ऐका अन्नपूर्णामाते, तुमची कहाणी. तळ्याकाठी एक नगर होतं. तिथं एक कोष्टी राहत होता. घरात माग चार, जेवणारे पुरुष सात आणि सून एक. तिचं नाव येसू. येसूनं रांधावं, देवापुढं नैवेद्याचं पान मांडावं, पुरुषांना वाढावं. मग सासू-सुनांनी पातेल्याच्या तळाशी उरेल ते मिठाशी खावं.

येसूला मुलगी झाली. महिना होतो न होतो तो अंगावरचं दूध आटत चाललं. पोर छातीशी ओढी, पोटभर मिळेना, रडून लालबुंद होई. येसूचा जीव तुटे. सासू म्हणाली, "सूनबाई, देव कोपलाय. उपास धर." मग येसूनं सोमवार धरला, पोर रडतच राहिली. शनिवार धरला, तिचे हात कापू लागले. चतुर्थी धरली, तशी तळ्यावर घागर उचलताना भोवळ येऊन पडली.

पायरीवर एक म्हातारी बसली होती. तिनं येसूला उठवलं, विचारलं, "बाई बाई, पोटभर कधी जेवलीस?" येसूला काही आठवेना. म्हातारी म्हणाली, "माझा वसा घेशील?"

"घेईन, आजीबाई. कसला उपास करू?"

म्हातारी रागावली. "पुरे झाले तुझे उपास! माझा वसा जेवायचा आहे. देवाला पान कसं वाढतेस?"

"डावीकडे चटणी-कोशिंबीर, उजवीकडे पालेभाजी नि उसळ, मध्ये भाकरी, वरण-भात. वाटीत ताक."

"आणि स्वतःला?"

येसूनं मान खाली घातली.

"तसंच पान रोज आपलं मांडावं. सगळ्यांच्या पंगतीला बसावं. घरात असेल त्यातलंच सगळं थोडं थोडं घ्यावं. मनात लाजू नये, पानात टाकू नये, चार महिने वसा मोडू नये. मग एका उपाशी बाईला असंच पान वाढून तो उजवावा."

येसूनं घरी येऊन पान मांडलं. सासू कडाडली, "पुरुषांबरोबर सून जेवणार? लाज गुंडाळून ठेवलीस?"

येसू म्हणाली, "सासूबाई, वसा घेतलाय. मोडू का?"

सासूनं जन्मभर वसे पाळलेले. ती बाजूला सरली. हसता काय बायांनो, तुमच्या घरी निराळं आहे का?

मग आठ दिवसांत येसूचे हात कापायचे थांबले. महिन्याभरात भरपूर दूध उतरलं, पोर पोटभर पिऊन झोपली. चौथ्या महिन्यात पोरीनं बाळसं धरलं आणि येसू दोन घागरी घेऊन तळ्याच्या पायऱ्या झपझप चढू लागली.

वसा उजवायचा दिवस आला. येसू उपाशी बाई शोधत नगरभर फिरली, तळ्यावर गेली. पायरी रिकामी होती. दमून घरी आली, तो सासू चुलीपाशी बसून पातेल्याची खरवड मिठाशी खात होती. येसूनं पातेलं काढून घेतलं. पाट मांडला, रांगोळी घातली, डावं-उजवं भरून पान वाढलं. "सासूबाई, बसा."

सासूच्या डोळ्यांना धार लागली. "या घरात येऊन चाळीस वर्षं झाली गं. माझं पान कुणी मांडलं नव्हतं."

दुसऱ्या दिवशी पुरुष जेवायला बसले, तशी सासू माजघरातून गरजली, "थांबा रे! अजून दोन पानं मांडायची आहेत."

जशी येसूला अन्नपूर्णा पावली, तशी तुम्हां-आम्हां पावो, वाढणारीचं पान कधी रिकामं न राहो. ही नाना घासांची कहाणी एका पानात सुफळ संपूर्ण.