तुम्हाला काय आवडेल?

“…मग तिला ठरवता का येत नाही, भन्ते?”

प्राचार्य दिगंबर भद्रे यांनी हा प्रश्न तिसऱ्यांदा विचारला.

भन्ते धम्मसार विहाराच्या ओसरीवर बसून चीवराला ठिगळ लावत होते. वय ब्याऐंशी. सुईत दोरा जाईना. त्यांनी दोऱ्याचं टोक ओलं केलं आणि पुन्हा प्रयत्न केला.

“ऊन फार आहे,” ते म्हणाले. “पाणी घेतोस की चहा?”

“काहीही चालेल, भन्ते.”

भन्ते उठले नाहीत. दोरा एकदाचा ओवला गेला आणि ते ठिगळ शिवू लागले.

विहार गावाबाहेरच्या टेकडीवर होता. भद्रे गाडी खाली लावून पायऱ्या चढून आले होते. शर्टाची पाठ घामानं भिजली होती. एरवी त्यांना असं कुणाकडे जावं लागत नसे, माणसंच त्यांच्याकडे येत. दहावी-बारावीचा निकाल लागला की त्यांच्या दाराशी चपलांचा ढीग पडायचा. मुलानं कुठली शाखा घ्यावी, मुलीनं कुठल्या विषयात पदवी करावी, ते गुणपत्रिका पाहून वीस मिनिटांत सांगायचे. अठ्ठावीस वर्षं सांगत आले होते. भाषणाला उभे राहिले की सभागृह भरायचं.

“तिला म्हणजे उत्पलाला?” भन्तेंनी विचारलं.

“हो. एकुलती एक. एकोणतीस वर्षांची. हैदराबादला चांगल्या कंपनीत होती. इलेक्ट्रॉनिक्सची इंजिनिअर. मार्चमध्ये कंपनीनं तिचा सगळा विभागच बंद केला.”

“अरेरे.”

“नाही, मला वाईट नाही वाटलं. मी म्हटलं, संधी आहे. वय आहे, हाताशी वेळ आहे. पुन्हा शीक. जे वाटेल ते शीक.”

“छान म्हणालास.”

“बारा दिवस झाले, भन्ते. रोज संध्याकाळी फोन करते. पप्पा, मी काय घेऊ? उद्या विद्यापीठाच्या अर्जाची शेवटची तारीख आहे. मी परगावच्या पोरांना ठरवायला शिकवतो आणि माझ्या घरातली मुलगी…”

ते थांबले. भन्ते शिवत राहिले.

“मग तू काय सांगितलंस तिला?”

“मी सगळ्यांना विचारतो तेच विचारलं. तुला काय आवडतं?”

“मग?”

“ती म्हणाली, तुम्हाला काय आवडेल?”

भन्तेंची सुई थांबली.

“टोमणा नव्हता तो,” भद्रे हळूच म्हणाले. “टोमणा असता तर बरं झालं असतं. ती खरंच विचारत होती.”

खालच्या रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला. 

भद्रेंनी ओठांवरून जीभ फिरवली. कोपऱ्यातल्या माठाकडे पाहिलं.

“भन्ते, पाणी आणणार होतात ना?”

“तू मागितलं नाहीस.”

“तुम्ही विचारलंत. मी म्हटलं, काहीही चालेल.”

“हो. ते ऐकलं मी.”

भद्रे जरा ओशाळले. मग उठले, माठातून तांब्या भरून घेतला आणि उभ्यानंच पाणी प्यायले.

“तिला काय शिकायचं होतं?” भन्तेंनी विचारलं. “पहिल्या वेळी. बारावीनंतर.”

भद्रे पुन्हा खाली बसले. 

“भाषा.”

“कुठली?”

“कुठली असं नाही. भाषा कशा बनतात, कशा बदलतात, ते. तिची एक वही होती. आपल्याकडे मराठी, तेलुगू, कानडी सगळं एकमेकांत मिसळलेलं. एसटीत शेजारी बाई बसली की ही विचारायची, मावशी, तुमच्याकडे ह्या भाजीला काय म्हणतात? देगलूरकडे काय म्हणतात, किनवटकडे काय म्हणतात, सगळं लिहून ठेवायची. कोण म्हणालं, त्या बाईचं नावसुद्धा. बायाही कौतुकानं सांगायच्या. एकदा एका म्हातारीनं हिच्यासाठी आपला थांबा चुकवला आणि पुढच्या गावाला उतरली.”

ते सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं होतं. मग ते मावळलं.

“बी. ए.चा अर्ज तिनं स्वतः भरून आणला होता. माझ्यापुढे सहीसाठी ठेवला.”

“आणि तू?”

“मी म्हटलं, भाषा काय शिकायची? ती येतेच.”

“ती काय म्हणाली?”

“काहीच नाही. भांडली असती तर मी… नाही, तरीही ऐकलं नसतंच. पण ती भांडलीच नाही. बरं म्हणाली. शहाण्णव टक्के होते, भन्ते. आपल्या समाजात तेव्हा तालुक्यात कुणाला होते? वाया घालवायचे का ते? शाळेत सगळे म्हणाले, भद्रे सरांची मुलगी किती समजूतदार आहे. मीही तेच म्हणत होतो. अनेक वर्षं म्हणत होतो.”

भन्तेंनी दोरा दातानं तोडला.

“मला सांगा,” भद्रे म्हणाले. “उद्याची तारीख आहे. मी तिला काय सांगू?”

“तिला फोन लाव.”

“आता?”

“आता.”

भद्रेंनी फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला गेला.

“पप्पा! ठरलं का?”

ओसरी शांत होती, तिचा आवाज भन्तेंनाही ऐकू येत होता.

“नाही, बेटा. एक विचारायचं होतं. तुझी ती वही आहे का गं?”

“कुठली वही?”

“शब्दांची. एसटीतल्या बायकांना विचारून लिहायचीस ती.”



“असेल कुठंतरी. नाहीतर घर बदलताना गेली असेल. का हो?”

“काही नाही. सहज आठवली.”

“मग भाषा घेऊ का, पप्पा? तुम्ही म्हणत असाल तर घेते.”

भद्रेंनी तोंड उघडलं. हो म्हणावं की नाही म्हणावं, त्यांना कळेना. त्यांनी भन्तेंकडे पाहिलं. भन्ते मान खाली घालून बसले होते.

“पप्पा? ऐकताय ना? घेऊ का?”

“मी… मी नाही सांगू शकत, उत्पला.”

“तुम्ही रागावलात का?”

“नाही गं.”

“मग उद्या तारीख आहे ना. मी काहीतरी भरून टाकू का?”

“नको. काही भरू नको. जाऊ दे ती तारीख. मी उद्या येतो तिकडे.”

“काय ठरवून येणार?”

“काही ठरवून नाही. तुझ्याशी बोलायला येतो.”

“कशाबद्दल?”

 एकोणतीस वर्षांत, मार्कांखेरीज, नोकरीखेरीज आपण हिच्याशी कशाबद्दल बोललो, ते त्यांना आठवेना. “येतो,” एवढंच ते पुन्हा म्हणाले आणि फोन ठेवला.



“तिचं तिला काही उरलंच नाही,” ते म्हणाले. “मी आता हवं ते घे म्हटलं, तरी तो माझाच हुकूम होतो. भाषाच घे म्हटलं, तरी माझाच. असं कसं झालं, भन्ते? मी तिला कधी मारलं नाही. आवाज चढवला नाही…”

“दिगंबर.”

“हं?”

“तुला काय शिकायचं होतं?”

“मला?” भद्रे गोंधळले. “मी सायन्सला होतो. तुम्हाला माहीतच आहे.”

भन्तेंना माहीत होतं. चाळीस वर्षांपूर्वी ते भन्ते नव्हते. ते हनमंते सर होते, विज्ञान शिकवायचे आणि मुलांच्या वसतिगृहाचे अधीक्षक होते. दिगंबर भद्रे त्याच वसतिगृहात वाढला. आई रोजगार हमीच्या कामावर जायची. वडील नव्हते. हनमंते सरांनी त्याला बुटांचा पहिला जोड घेऊन दिला होता.

“तू सायन्सला होतास, ते मी विचारलं नाही,” भन्ते म्हणाले. “तुला काय शिकायचं होतं?”

भद्रे विचार करू लागले.  कपाळावर आठ्या पडल्या. 

“आठवत नाही,” ते अखेर म्हणाले, आणि आपल्याच उत्तराची त्यांना भीती वाटल्यासारखं झालं. “काहीतरी होतं. होतं नक्की. पण… आठवत नाही.”

मग एकदम त्यांनी वर पाहिलं.

“तुम्हाला आठवत असेल! माझा अकरावीचा अर्ज तुम्हीच कॉलेजात नेऊन दिला होतात.”

“मीच दिला होता.”

“मग सांगा ना. काय होतं त्यात?”

भन्तेंनी शिवलेलं चीवर घडी करून बाजूला ठेवलं. ते भद्रेंसमोर सरकून बसले, आणि त्यांनी एक गोष्ट केली जी भद्रेंनी त्यांना कधीही करताना पाहिली नव्हती. त्यांनी आपल्या शिष्यापुढे हात जोडले.

“भन्ते, हे काय?”

“तू तालुक्यात पहिला आला होतास,” भन्ते म्हणाले. “आपल्या वसतिगृहाचा पहिला मुलगा सायन्सला जाणार, असं मी गावभर सांगून बसलो होतो. चौकात. चहाच्या टपरीवर. तुला विचारायचं राहून गेलं.”

“पण त्यात काय एवढं? तुमच्यामुळंच तर मी…”

“ऐक. तू अर्ज माझ्या टेबलावर ठेवून गेलास. बाकी सगळा शाईनं भरला होतास. शाखेपुढे मात्र पेन्सिलनं लिहिलं होतंस. शाईनं लिहायचा धीर झाला नसेल.”

भद्रेंनी हातातला फोन खाली ठेवला.

“मी खोडरबर घेतला. खोडलं. वर शाईनं विज्ञान लिहिलं.”

“बरं…” भद्रे म्हणाले. ते पुढे झुकले. छप्पन्न वर्षांचा, जिल्ह्यात नावाजलेला तो माणूस त्या क्षणी सोळा वर्षांच्या मुलासारखा दिसत होता. “सर, काय लिहिलं होतं मी?”

भन्तेंचे जोडलेले हात तसेच होते.

“सर… सांगा ना. काय होतं तिथं?”

“खोडून झालं,” भन्ते म्हणाले, “आणि मग लक्षात आलं… मी ते वाचलंच नव्हतं.”